तुमच्याकडची प्रत कितवी?

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत हल्ली कोणी ना कोणी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे आहे. मुलगी, सून, जावई, नाहीतर खालच्या मजल्यावर भाड्याने राहणारा, नुकताच आलेला मुलगा. रात्री पाने वाढली की पुण्याहून फोन येतो आणि पहिला प्रश्न ऐकू येतो, "तुमच्याकडे कोणतं रिव्हिजन आहे?" एवढ्याशा प्रश्नाला अर्धा तास का लागतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना कळत नाही. म्हणून या अंकात त्याविषयी चार शब्द.

आपल्या पत्त्यांच्या यादीचेच उदाहरण घेऊ. मूळ वही चिटणिसांकडे, झेरॉक्स प्रती घरोघर. कोणी घर बदलले की चिटणीस वहीत दुरुस्ती करून वर नवा क्रमांक घालतात. आता "ताजी यादी कोणती?" या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. वहीचा आजचा क्रमांक काय? आपल्या फ्रिजवरची प्रत कितवी? आणि त्या प्रतीवर कोणी पेन्सिलीने काही खरडले आहे का? प्रोग्रॅमचेही नेमके असेच असते. मूळ वहीला तिथे रिपॉझिटरी म्हणतात.

असा हिशेब ठेवण्याचे काम जुने आहे. १९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉकाइंड यांनी एससीसीएस लिहिले. पुढे आलेल्या सीव्हीएसमध्ये प्रत्येक फाइलीला वेगळा क्रमांक असे, त्यामुळे साऱ्या प्रोग्रॅमचा मिळून एक आकडा सांगताच येत नसे. २००४ साली सबव्हर्जनची पहिली पक्की आवृत्ती आली, तीत सगळ्या रिपॉझिटरीला मिळून एकच चढता क्रमांक आहे.

सबव्हर्जनमध्ये 'एसव्हीएन इन्फो' म्हटले की आपल्या प्रतीचा क्रमांक दिसतो. त्याखाली या फोल्डरात शेवटचा बदल कधी झाला तो क्रमांक असतो. दोन्ही वेगळे असले तर घाबरू नये. मधले बदल दुसऱ्या फोल्डरांत झालेले असतात. 'एसव्हीएन इन्फो -आर हेड' म्हटले की थेट सर्व्हरला विचारले जाते. खरी अडचण अशी की आपण एक फाइल जमा केली की तिचाच क्रमांक पुढे जातो, बाकीच्या मागेच राहतात. 'एसव्हीएनव्हर्जन' ही आज्ञा ही मिसळ उघड करते. '४१२३:४१६८एम' असे उत्तर आले तर प्रतीत ४१२३ पासून ४१६८ पर्यंतचे क्रमांक मिसळले आहेत आणि 'एम' म्हणजे पेन्सिलीच्या खुणाही आहेत.

२००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले आणि चढता क्रमांक गेला. गिटमध्ये प्रत्येकाच्या घरी पूर्ण वही असते, म्हणून पुढचा आकडा कोणाचा, हे ठरवणारे चिटणीसच नाहीत. त्याऐवजी मजकूर आणि आधीचा इतिहास यांवरून काढलेली, सहसा ४० अक्षरांची खूण असते. 'गिट रेव्ह-पार्स हेड' ती सांगते. खुणेवरून आधीचे कोणते, नंतरचे कोणते, हे कळत नाही. 'गिट डिस्क्राइब' जवळच्या नाव दिलेल्या आवृत्तीपासून किती पावले पुढे आलो ते सांगते. आणखी एक लक्षात ठेवावे. 'ओरिजिन/मेन' म्हणजे सर्व्हरवरची आजची स्थिती नव्हे, तर शेवटच्या 'गिट फेच'च्या वेळची. आधी फेच, मग प्रश्न.

एवढ्या काटेकोरपणाची गरज काय, असे कोणी विचारील. १ ऑगस्ट २०१२ ला आपल्या जर्सी सिटीतल्या नाइट कॅपिटल या शेअरदलाली कंपनीत आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवा प्रोग्रॅम चढला होता, आठव्यावर राहून गेला होता. तिथे वर्षानुवर्षे निजलेला जुना भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटे नको त्या ऑर्डरी बाजारात जात राहिल्या. भानगड थांबवण्यासाठी उरलेल्या सातांवरूनही नवा प्रोग्रॅम काढला, तेव्हा ती आणखी वाढली. नुकसान ४४ कोटी डॉलरहून अधिक. पुढच्याच वर्षी कंपनी दुसरीत विलीन झाली. वहीत काय आहे याइतकेच प्रत्यक्ष चालू काय आहे हे विचारणे का आवश्यक, ते यावरून कळावे.

म्हणून आपल्या मुलांना एवढेच सांगावे. क्रमांक हाताने लिहू नये. प्रोग्रॅम तयार होतानाच 'एसव्हीएनव्हर्जन' किंवा 'गिट डिस्क्राइब --डर्टी' चे उत्तर त्यात घालावे, म्हणजे न जमा केलेले बदलही लपत नाहीत. सबव्हर्जनचा 'रेव्ह' कीवर्ड एका फाइलीत घालून भागत नाही, कारण ती फाइल बदलल्याशिवाय तो हलत नाही. आणि चालू असलेल्या प्रत्येक यंत्राला तो क्रमांक विचारता आला पाहिजे.

व्हिसावर आलेल्या नवख्या मुलावर अशा वेळी दोष चटकन येतो. चूक कोणाची, याचा वाद सुरू होण्याआधी दोन्हीकडचे क्रमांक कागदावर शेजारी शेजारी लिहावेत. पुष्कळदा वाद तिथेच मिटतो, आणि पानातली आमटी गरम असतानाच माणूस जेवायला येतो.