फॉरमॅट मारण्याआधी...

नवा प्रिंटर आणला, त्याचा ड्रायव्हर संगणकात टाकला आणि दुसऱ्या दिवशी संगणक धड सुरूच होईना. दुरुस्तीला आलेला मुलगा सांगतो, ‘‘फॉरमॅट मारावा लागेल.’’ फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्क कोरी करणे. वेगळी प्रत काढून ठेवली नसेल तर लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब, मुलीचा प्रकल्प अहवाल सारेच पुसले जाते. म्हणून होकार देण्यापूर्वी त्याला एक प्रश्न जरूर विचारा, ‘‘सिस्टिम रिस्टोअर करून पाहिलेत का?’’

ही सोय मायक्रोसॉफ्टने २००० साली विंडोज एमईमध्ये प्रथम दिली. पुढे एक्सपीपासून विंडोज ११पर्यंत ती टिकून आहे. तिचे काम सोपे आहे. विंडोजच्या महत्त्वाच्या फाइली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या सेटिंगची नोंदवही, एखाद्या दिवशी कशा स्थितीत होत्या, याची खूण ती राखून ठेवते. या खुणेला रिस्टोअर पॉइंट म्हणतात. बिघाड झाला की त्या खुणेपर्यंत मागे जाता येते. आपली पत्रे, फोटो, गाणी यांना धक्का लागत नाही. मात्र त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर निघून जातात. कोणते जाणार, याची यादी आधी पाहता येते.

अपडेटच्या वेळी किंवा नवा ड्रायव्हर टाकताना अशी खूण बऱ्याचदा आपोआप तयार होते. पण विंडोज १० आणि ११ असलेल्या अनेक संगणकांवर ही सोय मुळात बंदच असते. तेव्हा आजच तपासा. स्टार्टवर जाऊन ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ असे टाइप करा. सी ड्राइव्ह निवडा, ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन संरक्षण सुरू करा आणि त्यासाठी डिस्कवर थोडी जागा राखा. मग ‘क्रिएट’ दाबून खुणेला ओळखीचे नाव द्या. उदाहरणार्थ, ‘प्रिंटर जोडण्यापूर्वी’.

संगणक सुरू होत असेल, तर त्याच खिडकीतील ‘सिस्टिम रिस्टोअर’ दाबून तारीख निवडायची. सुरूच होत नसेल, तर दोन-तीनदा अपयश आल्यावर दुरुस्तीचा पडदा सहसा आपोआप येतो. तेथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या वाटेने हीच सोय मिळते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की हाताशी हवी. काम चालू असताना वीज जाऊ देऊ नका. लॅपटॉप चार्जरला जोडलेला बरा.

मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. चुकून पुसलेला फोटो यातून परत येत नाही. व्हायरसवर हा उपाय नव्हे, कारण जुन्या खुणेतही तो लपलेला असू शकतो. खुणा कायम राहत नाहीत. जागा कमी पडली की जुन्या आधी पुसल्या जातात. जून २०२५च्या अपडेटनंतर विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत त्या फार तर ६० दिवस ठेवल्या जातात. आणि त्या असतात त्याच डिस्कवर. डिस्कच निकामी झाली, तर त्याही गेल्या.

म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवाच. रिस्टोअर पॉइंट विंडोजला सावरतो. आपल्या आठवणी सांभाळणे आपल्याच हाती असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)