शाळेच्या डोक्यावरचे ऊन

मार्च संपत आला की आमच्या शाळेत एक गोष्ट न चुकता होते. सकाळची शाळा सुरू झालेली असते, तरी दहा वाजून गेले की चौथीची मुले दप्तरे उचलून तिसरीच्या वर्गात येऊन बसू लागतात. कुणी सांगावे लागत नाही. चौथीचा वर्ग नवा, स्लॅबचा. तिसरीचा जुना, कवेलूचा. विज्ञानाच्या पेटीतला थर्मामीटर मी एकदा दोन्ही खोल्यांत लावून पाहिला. मुलांना जे पाठीला कळत होते, तेच पाऱ्याने सांगितले.

भंडारा जिल्ह्यातल्या उन्हाची ओळख इथल्या वाचकांना करून द्यायला नको. म्हणूनच तर राज्यातल्या इतर शाळा जूनच्या मध्यावर उघडतात तेव्हा विदर्भातल्या शाळा बंदच असतात. 2024 मध्ये आपल्याकडे घंटा वाजली ती थेट 1 जुलैला. मात्र सुट्टी लागण्याआधीचे दिवस कुणी मोजत नाही. 2025 मध्ये वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या. गेली काही वर्षे रमजानही मार्च-एप्रिलच्या उन्हात आला. दहा वर्षांचे पोर हौसेने रोजा धरून येते, त्याला स्लॅबखाली बसवताना आपलाच घसा कोरडा पडतो.

वीज वाचवणाऱ्या इमारती कशा असाव्यात, याचे नियम आपल्या देशात आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्याखाली 2007 मध्ये इमारतींसाठी संहिता आली, 2017 मध्ये ती सुधारली. भिंतीतून आणि छतातून किती उष्णता आत यावी, खिडकीची काच कशी असावी, दिवे किती वॅटचे असावेत, सगळे त्यात आहे. मी मोठ्या आशेने वाचायला बसले आणि पहिल्याच अटीला थांबले. ही संहिता लागू होते ती 100 किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या इमारतींना.

आता आमच्या शाळेचा हिशेब करा. चार खोल्या, आठ पंखे, आठ ट्यूबलाइट, एक टीव्ही, एक संगणक आणि पाण्याची छोटी मोटर. सगळे एकदम चालू केले तरी अडीच किलोवॅटच्या आसपास. अशा चाळीस शाळा एकावर एक रचल्या तर कुठे ती संहिता लागू होईल! 2022 च्या दुरुस्तीने ही मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्य सरकारांना दिली आहे. पण ती निम्म्यावर आणली तरी गावातली प्राथमिक शाळा तिच्या हाती लागत नाही.

दुसरीकडे शिक्षण हक्क कायदा 2009 पाहा. शाळेत काय काय असलेच पाहिजे, याची यादी त्याच्या परिशिष्टात आहे. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. इमारत सर्व ऋतूंत वापरता येईल अशी हवी, असेही म्हटले आहे. वीज, दिवा, पंखा यांचा उल्लेख नाही. ‘सर्व ऋतू’ म्हणताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुधा पावसाळा होता. छत गळले नाही की अट पूर्ण. ते तापते का, हे तपासायला कुणी येत नाही.

थोडक्यात, एका कायद्याला आमची शाळा फार लहान आहे आणि दुसऱ्याला तिचा उन्हाळा दिसलेला नाही.

स्लॅबचा दोष काय? काँक्रीट सकाळपासून ऊन पीत राहते आणि काही तासांनी तीच आच खालच्या खोलीत सोडू लागते. छताखालची तापलेली हवा पंखा ढकलतो ती थेट मुलांच्या डोक्यावर. कवेलूच्या छताचा माथा उंच असतो, गरम हवा वर चढून फटींतून निघून जाते. शिवाय समोर पडवी, त्यामुळे भिंतीवर थेट ऊन येत नाही. तरीही कवेलूचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. माकडे ते विस्कटतात, पावसाळ्याआधी दरवर्षी फेरावे लागतात आणि फेरणारे हात आता मिळत नाहीत. स्लॅब आला तो गळतीला कंटाळून. टिनाच्या छताची गोष्ट तर बोलायलाच नको. आमच्याकडे लोक गोठ्याच्या टिनावर तणस पसरतात, म्हणजे जनावरांची सोय कळते.

आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात गांडो नावाचे खेडे आहे. तिथे वीज नव्हती. फ्रान्सिस केरे हा त्याच गावचा मुलगा, जर्मनीत वास्तुशास्त्र शिकत असताना त्याने गावासाठी तीन वर्गांची शाळा बांधली. 2001 मध्ये ती पूर्ण झाली. भिंती दाबून बनवलेल्या मातीच्या विटांच्या, वर विटांचेच छत, आणि त्याच्याही वर लोखंडी सांगाड्यावर उचलून धरलेले टिनाचे दुसरे छत. दोन छतांमधून वारा वाहतो आणि टिनाची आच आतल्या छतापर्यंत पोचत नाही. बांधकामाला गावातले बायाबापे राबले. या शाळेला 2004 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, आणि 2022 मध्ये केरे यांना प्रित्झकर पारितोषिक. टिन, माती, वारा. यातले आपल्याकडे काय नाही?

शेजारच्या तेलंगणाने एप्रिल 2023 मध्ये शीत छताचे धोरण आणले आणि सरकारी इमारतींना ते बंधनकारक केले. छत पांढरे ठेवा, म्हणजे ऊन परत फिरेल, इतकी साधी गोष्ट. स्लॅबवर पांढरा थर दिल्याने खोली दोन ते पाच अंशांनी उतरते, असे अहमदाबादेसारख्या शहरांतल्या कामातून सांगितले जाते. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडा डिंक घालून दोन-तीन हात मारायचे. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दर फेब्रुवारीत पुन्हा. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, तेव्हा मुलांना वर चढू देऊ नये.

लोक आधी पंख्यांकडे वळतात. जुना पंखा साधारण 75 वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. प्रत्येकी 45 वॅटची बचत. पण शाळेत पंखा फिरतो दिवसाला सहा तास आणि वर्षाला दोनशे दिवस, म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला 54 युनिट. तेवढ्यासाठी चांगले पंखे काढून अडीच-तीन हजारांचे नवे लावणे मला पटत नाही. जळेल तसा बदलावा. घरात मात्र तोच पंखा रोज पंधरा तास, वर्षात तीनशे दिवस चालतो; तिथे 202 युनिट वाचतात. तेव्हा नवा पंखा आधी घरात, शाळेत आधी चुना. 2023 पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे, दुकानात ते पाहून घ्यावे.

पैसा कुठून, हा प्रश्न येतोच. समग्र शिक्षेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळते: तीसपर्यंत मुले असतील तर वर्षाला 10 हजार, शंभरपर्यंत 25 हजार. वीजबिलही त्यातूनच, खडू आणि दुरुस्तीही त्यातूनच. आमच्या शाळेचे बिल दोनदा आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून भरले. शंभर मुलांच्या शाळेची ही स्थिती, तर तिथे ‘ऊर्जा कार्यक्षमता’ हा शब्द उच्चारताना हसू येते. तरीही चुन्याचा खर्च या पैशांत बसतो.

तो कसा खर्च करायचा हे शाळा व्यवस्थापन समिती ठरवते. समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत, हे त्याच शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे. शाळा विकास आराखडाही हीच समिती करते. आमच्याकडे बहुतेक अम्मी सही करून जातात, कारण बैठकीत बोलायचे असते ते पोषण आहारावर आणि गणवेशावर. गेल्या जानेवारीत एका मुलीच्या अम्मीने विचारले, “मॅडम, चौथीच्या वर्गातून पोरगी डोकं धरून येते, छताचं काही होत नाही का?” त्या स्वतः घराच्या स्लॅबवर दर उन्हाळ्यात चुना मारतात. ठराव त्यांनीच मांडला. बैठक पाऊण तासात आटोपली.

फेब्रुवारीत दोन पालकांनी एका रविवारी शिडी लावली. झाडणी आणि चुना मिळून दुपार गेली. एप्रिलमध्ये चौथीची काही मुले दहानंतरही आपल्याच वर्गात बसलेली दिसली. सगळी नाही. पश्चिमेची भिंत अजून तापतेच, तिच्या बाजूला लावलेली कडुनिंबाची रोपे गुडघ्याएवढी आहेत, आणि त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार हे ठरायचे आहे.