रॉक संगीताची चित्रफीत : संकेत पाळणें आणि मोडणें

(नभोवाणीवरील भाषण)

तमाशाच्या बोर्डापुढें बसलेल्या मनुष्यास गण संपला कीं गवळण येणार, हें कोणी सांगावें लागत नाहीं. गवळणींत मावशी पुढें आली कीं तिनें तोंड उघडण्यापूर्वींच तो हसावयास सज्ज होतो. कलावंत आणि प्रेक्षक यांच्यामध्यें जो हा न लिहिलेला करार असतो, त्यास आपण संकेत म्हणूं. प्रत्येक कलाप्रकारास असे संकेत असतात. आणि ते किती पाळावे व किती मोडावे, हा प्रश्न नवशिक्या कलावंतापुढें उभा राहतोच. आज हाच प्रश्न मी एका अगदीं निराळ्या क्षेत्रांतून आपणांपुढें मांडणार आहें. इंग्लंडांतील विद्यार्थी रॉक संगीताच्या ज्या चित्रफिती तयार करतात, त्यांचें तें क्षेत्र होय.

तिकडे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठीं ए-लेव्हल नांवाची परीक्षा असते, आणि तींत मीडिया स्टडीज, म्हणजे प्रसारमाध्यमांचा अभ्यास, हाही एक विषय आहे. ओसीआर या परीक्षामंडळाचा जो अभ्यासक्रम २०१० च्या दशकांत चालू होता, त्यांत विद्यार्थ्यांनीं एखादी कृति प्रत्यक्ष तयार करावी व मग तिच्याविषयीं ठराविक प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं, अशी योजना होती. पुष्कळ विद्यार्थी एखाद्या गाण्याची तीन-चार मिनिटांची चित्रफीत, म्हणजे ज्यास सर्वत्र म्युझिक व्हिडिओ म्हणतात ती, करीत. परीक्षकांचा पहिलाच प्रश्न असा असे : खऱ्या व्यवसायांतील अशा कृतींचे जे संकेत आहेत, त्यांचा उपयोग तुम्हीं कसा केला, त्यांचा विकास कसा केला, आणि त्यांस आव्हान कसें दिलें?

प्रश्न दिसावयास सोपा आहे. पण त्यांत एक खोच आहे. ‘आव्हान’ हा शब्द तरुण मनास फार गोड लागतो. हात स्थिर नसल्यामुळें चित्र हाललें, दिवा मिळाला नाहीं म्हणून चेहरे काळे पडले, ओठ आणि शब्द यांचा मेळ बसला नाहीं, तर ‘आम्हीं रूढ संकेतांस आव्हान दिलें’ असें लिहून टाकण्याचा मोह कोणासही व्हावा. अशा रीतीनें जी केवळ उणीव, तिला बंडाचा पोशाख चढविला जातो. परीक्षक त्यास फसेल किंवा न फसेल. पण विद्यार्थी स्वतःस फसवितो, आणि जें शिकावयाचें तें शिकण्यास मुकतो. म्हणून मोडण्यापूर्वीं संकेत म्हणजे काय व तो कां पडला, हें पाहिलें पाहिजे.

रॉक गाण्याची साधारण चित्रफीत डोळ्यांपुढें आणा. एखादें ओसाड गोदाम किंवा उजाड मैदान. त्यांत चारपांच वादक जीव तोडून वाजवीत आहेत. ऐकणारा कोणी नाहीं. प्रकाश पाठीमागून येतो, म्हणून आकृति काळ्या दिसतात. गिटारच्या तारांवर फिरणारीं बोटें, ड्रमवर पडणारी काठी, गायकाचा घामानें भिजलेला चेहरा अगदीं जवळून दाखविलेला असतो. कॅमेरा बहुधा हातांतच असतो, आणि ड्रमचा ठोका पडतांच दृश्य बदलतें. मध्येंमध्यें एखाद्या कथेचे तुकडे येतात व पुन्हां वादक दिसूं लागतात.

हें सर्व असेंच कां? कारण रॉक संगीत प्रेक्षकापुढें एक प्रतिज्ञा मांडीत असतें. ‘हीं गाणीं आमचीं आहेत, तीं आम्हीच वाजवितों, यांत दिखाऊपणा नाहीं,’ ही ती प्रतिज्ञा. वाद्यें, घाम आणि थरथरणारा कॅमेरा हीं त्या प्रतिज्ञेचीं साक्षीदार आहेत. पण गंमत अशी कीं, हे साक्षीदारच बनावट असतात. चित्रण चालू असतांना सहसा कोणीही खरें गात किंवा वाजवीत नाहीं. अगोदर मुद्रित केलेलें गाणें मोठ्यानें लावतात, वादक त्याबरहुकूम अभिनय करतात, तेंच गाणें निरनिराळ्या कोनांतून अनेक वेळां टिपतात, आणि संकलनाच्या वेळीं सर्व तुकडे मूळ मुद्रणाशीं जुळवितात. गायक संथ गतीनें चालतांना दाखवावयाचा, पण ओठ मात्र गाण्याशीं जुळले पाहिजेत, असें असेल तर गाणें दुप्पट वेगानें लावून त्यास तसेंच गावयास सांगतात. सेकंदास पन्नास चित्रें टिपतात व दाखवितांना पंचवीसच दाखवितात. चाल मंदावते आणि ओठ बरोबर जुळतात. तेव्हां अकृत्रिमतेचा हा देखावा मोठ्या कुसरीनें उभा केलेला असतो. हें ज्यास उमगलें, त्यास संकेताचें मर्म उमगलें.

हे संकेत कोणी सभा भरवून ठरविलेले नाहींत. पुष्कळसे गरजेंतून जन्मले. १९७५ सालीं क्वीन या ब्रिटिश वादकवृंदानें ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याची चित्रफीत केली, तिचें उदाहरण घ्या. या गाण्याच्या मध्यभागीं अनेक आवाज एकावर एक मुद्रित करून केलेला ऑपेराच्या धर्तीचा एक भाग आहे. चार माणसांनीं तो रंगमंचावर जसाच्या तसा गाऊन दाखविणें अशक्य होतें. चित्रफितींत त्या जागीं काळोखांतून उजळलेले चार चेहरे दिसतात, आणि रॉकचा भाग येतांच वादक पुन्हां वाद्यांसह रंगमंचावर उभे असतात. अडचणींतून निघालेली ही तोड इतकी प्रभावी ठरली कीं, गाणें खपविण्यासाठीं चित्रफीत करण्याच्या प्रथेस तिनें मोठा हातभार लावला. पुढें १ ऑगस्ट १९८१ रोजीं अमेरिकेंत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, रात्रंदिवस चित्रफितींची मागणी निर्माण झाली, आणि त्या वाढत्या संख्येबरोबर संकेतही पक्के होत गेले.

या विषयाचा विचार करणाऱ्या दोन अभ्यासकांचे सिद्धांत त्या विद्यार्थ्यांस शिकविले जातात. स्टीव्ह नील यांनीं १९८० मध्यें चित्रपटांच्या प्रकारांविषयीं लिहितांना असें प्रतिपादिलें कीं, कलाप्रकार पुनरावृत्ति आणि भिन्नता या दोहोंवर जगतो. नुसती पुनरावृत्ति कंटाळा आणते. नुसती भिन्नता कोणास ओळखूं येत नाहीं. दुसरे अँड्र्यू गुडविन. त्यांनीं १९९२ च्या आपल्या ग्रंथांत चित्रफितींतील गाणें व चित्र यांच्या नात्याचे प्रकार सांगितले आहेत : चित्र गाण्याचा अर्थ दाखवितें, तो वाढवितें, किंवा त्याच्याशीं फारकत घेतें. हे दोन सिद्धांत हातीं असले म्हणजे उदाहरणें पाहणें सोपें जातें.

निर्व्हाना या अमेरिकन वादकवृंदाची ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ ही १९९१ सालची चित्रफीत पाहा. स्थळ म्हणजे शाळेची व्यायामशाळा. तिकडे सामन्यांपूर्वीं शाळेचा उत्साह वाढविण्यासाठीं मेळावा भरतो, मुली ठेक्यांत नाचतात, आणि पायऱ्यांवर बसलेलीं मुलें टाळ्या पिटतात. दिग्दर्शक सॅम्युएल बायर यांनीं तो सर्व मेळावा ठेवला. पण प्रकाश मळकट पिवळा केला, नाचणाऱ्या मुलींस काळा पोशाख देऊन त्यावर अराजकवाद्यांचें चिन्ह घातलें, आणि शेवटीं प्रेक्षकांकडून ती सारी शिस्त उधळून लावली. रॉकचा संकेत, म्हणजे वादक, घाम व गर्दी, येथें पुरेपूर पाळला आहे. आव्हान दिलें तें शाळेच्या उत्साहाला.

याच्या उलट टोकाचें उदाहरण रिप्लेसमेंट्स या वादकवृंदाचें. १९८५ सालच्या ‘बास्टर्ड्स ऑफ यंग’ या त्यांच्या चित्रफितींत वादक मुळींच दिसत नाहींत. दिसतो एक स्पीकर, कृष्णधवल चित्रांत. गाणें चालू आहे, कॅमेरा सावकाश मागें येतो, कोणीतरी सिगारेट ओढीत ऐकत बसला आहे, इतकेंच. शेवटीं तो उठतो, स्पीकरला लाथ मारतो आणि चालूं लागतो. वादकांनीं स्वतःस दाखविलेंच पाहिजे हा संकेत त्यांनीं साफ नाकारला. पण ज्या प्रतिज्ञेसाठीं तो संकेत होता ती मात्र अधिकच घट्ट धरली. ‘आमचा चेहरा नको, आमचें गाणें ऐका,’ असेंच जणूं ती चित्रफीत सांगते. ओके गो यांनीं २००६ मध्यें वाद्यें बाजूस ठेवून व्यायामाच्या आठ चालत्या यंत्रांवर एकाच अखंड दृश्यांत नाच करून दाखविला. क्षणोक्षणीं दृश्य बदलण्याचा संकेत मोडला. तरी आपण पाहतों तें या चौघांनीं खरोखरच केलें, ही साक्ष त्या अखंडपणामुळेंच पटते.

आतां पुन्हां विद्यार्थ्यांकडे वळूं. कल्पना करा कीं, चौघां विद्यार्थ्यांनीं आपल्या मित्रांच्या वादकवृंदाचें, त्यांच्या परवानगीनें, एक गाणें घेतलें आहे. गाण्याचा विषय सोडून गेलेला मित्र. जवळ एक कॅमेरा, शाळेचें सभागृह आणि दोन दिवे. गोदाम नाहीं. पण मागें काळा पडदा लावून एकच दिवा पाठीमागून सोडला, तर सभागृहाच्या भिंती दिसेनाशा होतात आणि संकेत स्वस्तांत पाळला जातो. येथपर्यंत ठीक. आणि चित्रणाच्या दिवशीं ड्रमवादक आलाच नाहीं!

येथें दोन वाटा फुटतात. पहिली अशी कीं, आहेत त्या वादकांवर काम भागवावयाचें, ड्रम चौकटीबाहेर ठेवावयाचा, आणि वहींत लिहावयाचें कीं आम्हीं संकेतास आव्हान दिलें. प्रेक्षकास ड्रम ऐकूं येईल, दिसणार नाहीं, आणि कांहींतरी राहून गेलें असें वाटेल. दुसरी वाट कष्टाची आहे. ड्रम मध्यभागीं मांडावयाचा. त्यावर प्रकाश सोडावयाचा. आणि ठोका पडतांच जेथें संकेताप्रमाणें वादकाचे हात दिसावयाचे, नेमक्या त्याच जागीं रिकामें आसन दाखवावयाचें. एकदां दाखविलें तर ती चूक वाटेल. ठोक्यास बरोबर धरून पुनःपुन्हां दाखविलें तर प्रेक्षकास कळेल कीं गेलेला मित्र तो हाच. परंतु यासाठीं बाकीचे सर्व संकेत कसून पाळावे लागतात. इतर वादक जवळून दिसले पाहिजेत, ओठ जुळले पाहिजेत, दृश्य ठोक्यावरच बदललें पाहिजे. प्रेक्षकाच्या मनांत हातांची अपेक्षा उभी राहिली, तरच त्यांची उणीव त्यास बोचेल.

मग परीक्षकास उत्तर काय द्यावें? खरें तेंच द्यावें. ‘आमचा ड्रमवादक आला नाहीं; म्हणून आम्हांस विचार करावा लागला; आणि विचारांतीं आम्हीं हें केलें,’ असें लिहिण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. क्वीनची तोड अडचणींतूनच निघाली होती. अपघात आणि निर्णय यांत भेद इतकाच कीं, निर्णयाची खूण कृतींत सांपडते. आपली चित्रफीत जिला कांहींच ठाऊक नाहीं अशा व्यक्तीस दाखवावी, आणि तिनें काय पाहिलें तें निमूटपणें ऐकून घ्यावें. वहींतलें स्पष्टीकरण न वाचतां तिला आव्हान जाणवलें, तर तें आव्हान; न जाणवलें, तर ती उणीव, मग वहींत कांहींही लिहिलेलें असो.

संकेत मोडण्याचा अधिकार कोणी कोणास देत नसतो. तो आपल्या कामानें मिळवावा लागतो. त्या मुलामुलींपैकीं फारच थोडीं पुढें चित्रफितींचा धंदा करतील. पण जें आपण केलें आणि जें आपल्या हातून घडलें, या दोहोंस निरनिराळीं नांवें देण्याची संवय सतराव्या वर्षीं लागली, तर ती त्यांस कोणत्याही धंद्यांत जन्मभर पुरेल.