जमिनीखालचीं मुलें

घराच्या जमिनीखालीं मुलाचा सांगाडा निघाला असें ऐकतांच 'नरबळी' हा शब्द पुष्कळांच्या ओठांवर येतो. पुरंदरच्या बुरुजाच्या पायांत जिवंत जोडपें पुरल्याची कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तेव्हां या समजुतीचें नवल वाटावयास नको. पण कथा ऐकणें निराळें आणि हाडें वाचणें निराळें.

मालेगांवच्या खालच्या अंगास गिरणेच्या काठीं बहाळ व पैलतीरीं टेकवडें, तसेंच पुणें जिल्ह्यांत घोड नदीवरील इनामगांव, येथें तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं दफनें सांपडलीं आहेत. इनामगांवचें उत्खनन डेक्कन कॉलेजनें 1968 ते 1983 या काळांत केलें. तेथील लोक मेलेलें मूल दोन मडक्यांत ठेवीत, मडक्यांचीं तोंडें एकमेकांस भिडवीत आणि तीं घरांतच आडवीं पुरीत. जवळ लहानसें भांडें ठेवीत. प्रौढांचे मात्र घोट्याखालचे पाय तोडलेले!

येथें श्रोत्यांनीं क्षणभर थांबावें. बळी हा निवडून काढलेला असतो. इनामगांवीं पाय तोडण्याचा प्रकार एकदोघांपुरता नाहीं. प्रौढांच्या दफनाची ती रीतच दिसते. जें बहुतेकांच्या वाट्यास येतें तो अंत्यविधि, वध नव्हे. मृतानें उठून भटकूं नये म्हणून हें करीत असावेत, असें अभ्यासकांनीं सुचविलें; अर्थात् तें अनुमानच. आणि मुलाला घराबाहेर न नेणाऱ्या आईबापांना खुनी ठरविणें हा तर मोठाच अन्याय.

याउलट मेक्सिकोंतील ॲझ्टेक राजधानीची गोष्ट पाहावी. तेथील कवट्यांच्या मांडणींत 1,36,000 कवट्या होत्या, असें स्पॅनिश शिपाई आंद्रेस दे तापिया लिहितो. जेत्याची बढाई म्हणून कित्येकांनीं तें उडवून लावलें. 2015 मध्यें मोठ्या देवळाजवळ ती मांडणी खरोखरच हातीं आली. 2020 अखेर 603 कवट्या मोजल्या गेल्या. दांडा ओवण्यासाठीं कानशिलांस भोकें पाडलेलीं, हाडांवर सुरीच्या खुणा, आणि योद्ध्यांबरोबर स्त्रिया व मुलेंहि. आकडा फुगविलेला असेल, कृत्य खरें.

इनामगांवीं एक कोडें उरतेंच. वस्तीच्या मध्यभागीं, पांच खोल्यांच्या घराच्या अंगणांत, चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणांत मांडी घालून बसविलेला एक पुरुष सांपडला. घराला धान्याचें कोठारहि होतें. तो गांवचा मुख्य असावा, असें मानतात. त्याचे पाय मात्र कोणीं तोडले नव्हते.