चलनाच्या चढउतारावर चूल पेटेल का?

आषाढी उलगडली की पंढरपूरचे रस्ते एकदम रिकामे होतात आणि दुकानदार गल्ला मोजत बसतात. अशाच एका संध्याकाळी माझा भाचा मोबाइल घेऊन आला. त्याचं बांगड्यांचं दुकान आहे. म्हणाला, "मामू, दुकान बंद करावं म्हणतो. घरबसल्या डॉलर-युरोची खरेदी-विक्री करायची. बायकोच्या पाटल्या मोडल्या की दोन लाख उभे राहतील. महिन्याला वीस हजार सुटतील."

मी कविता लिहिणारा माणूस. हिशेबाशी माझं फारसं जमत नाही. पण पोराच्या संसाराचा प्रश्न होता, म्हणून वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो.

नाणी बदलण्याचा धंदा आपल्याकडे जुनाच. पेशवाईत नाना तऱ्हेचे रुपये चालत. सराफ ते पारखून बदलून देई आणि बट्टा घेई. पुढे निजामाच्या मराठवाड्यात हाली रुपया, तर आपल्या सोलापूर जिल्ह्यात इंग्रजांचा कलदार. सात हालीला साधारण सहा कलदार पडत. हद्द ओलांडणाऱ्याला नाणं बदलावंच लागे. त्या गरजेवर सराफाची चूल पेटे, कारण त्याच्या दारात गिऱ्हाईक होतं.

भाच्याच्या मोबाइलवर गिऱ्हाईक कुठे होतं? तिथे एकाला मिळतं ते दुसऱ्याने गमावलेलं असतं, आणि दलाल दोघांकडून आपला वाटा घेतो. समोर बसलेले कोण, तर मोठमोठ्या बँका आणि वित्तसंस्था. एप्रिल २०२५ मध्ये जगात चलनांची रोजची उलाढाल सरासरी ९.६ लाख कोटी डॉलर होती.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. दोन लाखांवर वीस हजार म्हणजे महिन्याला दहा टक्के, वर्षाला एकशेवीस. तेही एकही महिना न चुकता, कारण घरखर्च तर दरमहा लागणार. निम्मं भांडवल बुडालं, तर उरलेलं दुप्पट झाल्यावर आपण मूळ जागी येणार. त्यात ही परदेशी ॲप शंभरपट मोठा सौदा करू देतात. दहा हजारांवर दहा लाखांचा सौदा! भाव एक टक्का उलटा फिरला, की दहा हजार संपले. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने फ्रँकच्या दरावरची मर्यादा अचानक उठवली. काही मिनिटांत अनेकांची खाती रिकामी झाली. काहींच्या डोक्यावर वर कर्ज चढलं, काही दलाल कंपन्याही कोसळल्या.

आकडेही हेच सांगतात. चलनासह अशा उसन्या बळावरच्या सौद्यांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जातात, असं युरोपच्या बाजार-नियामकाने २०१८ मध्ये सांगितलं. आपल्याकडे सेबीने शेअर बाजारातील वायदे व्यवहार तपासले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के व्यक्तिगत व्यवहार करणारे तोट्यात होते.

कायदाही पाहायला हवा. मान्यता नसलेल्या परदेशी ॲपवर चलनाचा सट्टा खेळणं 'फेमा' कायद्यात बसत नाही, दंड होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून अशा ॲपची सावधान-यादीच जाहीर केली आहे. देशातल्या शेअर बाजारांत रुपया-डॉलरचे वायदे २००८ मध्ये सुरू झाले. पण ज्याला खरोखर डॉलर येणार किंवा द्यायचे आहेत, त्यानेच ते करावेत, असं मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने पक्कं केलं आहे.

म्हणजे हा बाजार निरुपयोगी नाही. परदेशी द्राक्षं पाठवणारा व्यापारी तीन महिन्यांनी येणाऱ्या डॉलरचा भाव आजच बांधून घेतो आणि निश्चिंत झोपतो. बँकेत चलनाच्या टेबलावर बसणाऱ्याला पगार मिळतो. स्वतःच्या पैशावर वर्षानुवर्षं टिकलेले काही असतीलही. पण त्या मोजक्यांत आपण असू, या भरवशावर दुकानाला कुलूप लावता येत नाही.

भाचा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "मामू, कार्तिकीला माल जरा जास्त भरावा काय?" पाटल्या अजून त्याच्या बायकोच्या हातात आहेत.