माउईचा ऊस आणि धुराचा वाद



जळीत ऊस म्हटला की आपल्याकडे वजनात घट आणि बिलात कपात. अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी माउईवर मात्र ऊस मुद्दाम पेटवूनच तोडत. तिथला ऊस दोन वर्षांचा, आडवा पडून गुंतलेला. पाचट जाळल्याशिवाय तो यंत्राला आवरत नसे.

जाळायला सरकारच्या आरोग्य खात्याचा परवाना लागे. पण धूर आणि काजळी गावांवर येते, दम्याचा त्रास होतो, म्हणून जाळणीच बंद करा अशी मागणी झाली. २०१५ मध्ये प्रकरण कोर्टात गेले. पुनेने येथील कारखान्याची बाजू घेणारे म्हणत, एकदम बंदी घातली तर कारखाना बसेल, मग बेटावर दुसरे काम कुठले? आपला माणूस निदान शेजारच्या तालुक्यात हजेरीला जातो. त्यांच्या चहूकडे समुद्र! धुराची तक्रार काही खोटी नव्हती. तरी दुसऱ्या पद्धतीच्या तोडणीला मुदत न देता बंदी मागणे आम्हांस रास्त वाटत नाही.

घात मात्र बंदीने केला नाही, तोट्याने केला. २०१५ सालचा तोटा सुमारे ३ कोटी डॉलरच्या घरात गेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये हवाईतला हा शेवटचा साखर कारखाना बंद पडला. सुमारे ६७५ कामगारांच्या पोटावर पाय आला. ३६ हजार एकरांतला ऊस गेला. कारखाना कंपनीचा होता, त्यामुळे चालवायचा की मोडायचा हे ठरवताना शेतात राबणाऱ्याला मत नव्हते.