जीवशास्त्राची शब्दओळख, लेखांक 6 : विघटक आणि मृतभक्षक

गेल्या आठवड्यात उत्पादक आणि भक्षक पाहिले. अन्नसाखळी काढताना बहुतेक मुलं गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड असं करत वर जातात आणि गरुडापाशी थांबतात. गरुड मेल्यावर त्याचं काय होतं, हे आकृतीत राहूनच जातं. आज तिथून पुढे जाऊ.

पोलादपूरच्या रानात ऐन श्रावणात झाडाखालचा पाचोळा काठीने बाजूला सारून पाहा. हात घालू नका, खाली विंचू असू शकतो. वरची पानं अजून अखंड असतात. त्याखालची काळपट, नुसत्या शिरा उरलेली. आणखी खाली मातीला चिकटलेले बारीक पांढरे तंतू दिसतील. ते बुरशीचं कवकजाल. बुरशीला ना तोंड ना पोट. ती आपली विकरे पानावर सोडते, पान बाहेरच विरघळतं आणि त्यातलं अन्न ती शोषून घेते. बरेच जीवाणूही असंच करतात. शरीराबाहेर पचन करून मृत पदार्थांतली खनिजं मातीला परत देणारे हे जीव म्हणजे विघटक.

मृतभक्षक वेगळे. ते मेलेलं जनावर चोचीने किंवा दातांनी तोडून गिळतात आणि पोटात पचवतात. परीक्षेत ही दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी लिहिली जातात, म्हणून हा फरक पक्का करा.

आपल्याकडचा खरा मृतभक्षक म्हणजे गिधाड. मोठा थवा बैलाचं मढं तासाभरात हाडांपर्यंत साफ करतो. जठरातलं आम्ल इतकं तीव्र की सडक्या मांसातले बहुतेक जीवाणू तिथेच मरतात. लांब चोचीचं गिधाड कड्यावर घरटं करतं, पांढऱ्या पाठीचं उंच झाडावर. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत आहे. महाडच्या ‘सीस्केप’ संस्थेने, प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने, तिथे वर्षानुवर्षं संवर्धनाचं काम केलं आहे. ज्यांना शक्य असेल त्या शिक्षकांनी वर्गाला हे काम जरूर समजावून सांगावं.

या कामाची गरज का पडली? 1992 ते 2007 या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातून जेमतेम एक उरली. कारण 2004मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झालं : गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. इथे उत्सर्जन हा शब्द कामाला येतो. आपण नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः युरियाच्या रूपात बाहेर टाकतो, पक्षी युरिक आम्लाच्या. कड्यांवर गिधाडं बसतात तिथले पांढरे ओघळ त्याचेच. डायक्लोफिनॅकने गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, युरिक आम्ल रक्तात साचतं आणि काळीज-यकृतावर खडूसारखा पांढरा थर धरतं. काही दिवसांत पक्षी मरतो.

याला जैविक विशालन म्हणू नका. विशालनात विष अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर वाढत जातं, डीडीटीचं होतं तसं. डायक्लोफिनॅक गुराच्या अंगातून थोड्याच दिवसांत निघून जातं. औषध दिल्यावर लगेच जनावर मेलं तरच मढं विषारी ठरतं. पण एका मढ्यावर थवाच्या थवा बसतो. म्हणून शेकडा एकाहूनही कमी मढ्यांत औषध असलं, तरी अख्खी प्रजाती कोसळायला ते पुरेसं होतं. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालते. झालेली तूट भरून यायला दशकं लागतात.

गिधाडं गेली म्हणून मढी पडून राहिली असं नाही. विघटक होतेच. पण उघड्यावर त्यांचं काम सावकाश चालतं. तोवर दुर्गंधी सुटते, पावसात ती घाण ओढ्याला मिळते आणि मोकाट कुत्र्यांना आयतं खाणं मिळून ती वाढतात.

2006मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मात्र माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात राहिल्या, म्हणून 2015मध्ये एका मात्रेपुरत्याच बाटलीचं बंधन आलं. घरी गुरं असतील तर पशुवैद्य कुठलं इंजेक्शन देतात ते विचारा. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून सिद्ध झालं आहे.

पुढच्या आठवड्यात महाडजवळ सावित्रीच्या काठावर ऊन खात पडणाऱ्या मगरी आणि ‘शीतरक्ती’ हा शब्द.